आईच्या आजाराची पोचपावती

मंडळी, पुढं सरका. पुढं जागा आहे. खांबाला टेकून बसलेल्यांना विनंती, की खांब देवळाला टेकू म्हणून उभा केलाय, तुम्हाला नाही.

आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारतो. उत्तर आत्ता देऊ नका, मनात ठेवा. आपलं कर्तव्य होतं, ते आपण केलं. केल्याचा पुरावाही आपल्याजवळ आहे, शिक्क्यासकट. मग आपण सुटलो का? निरोप धाडला, पोचल्याचा दाखला हातात आला, आणि समोरचा आला नाही. तर पाप कोणाचं? त्याचंच. बरोबर?

बघा, चार माना हलल्या. पेटीवाल्यांचीही हलली, पण ती सुरावर हलते. ती मोजायची नाही.

तर ऐका.

वेंगुर्ल्याच्या अलीकडं, खाडीच्या काठी, उल्हास आरोलकर नावाचा गृहस्थ राहतो. काजूचा कारखाना आहे त्याचा. कारखाना म्हणजे काय, तर घरामागची लांब शेड, त्यात बी भाजायची, फोडायची, सोलायची, डब्यांत भरायची. माणूस सरळ. देवाधर्माचा. घरात बायको प्रज्ञा, आणि म्हातारी आई. तिला सगळा वाडा आये म्हणतो. थोरला भाऊ भार्गव कोल्हापूरला. बँकेतून निवृत्त झालेला, तिथंच घर केलेलं.

या दोन भावांचं बोलणं बंद होतं. कशावरून? जमिनीवरून नाही, दागिन्यांवरून नाही. फणसावरून! विहिरीजवळ बापानं लावलेला फणस होता. शेड वाढवायची म्हणून उल्हासनं तो तोडला. तोडण्याआधी भावाला फोन केला होता, असं उल्हास म्हणतो. "असा फोन मला आलाच नाही," असं भार्गव म्हणतो. "तू हो म्हणालास." "मी फणसाला हो म्हणेन? बाबांच्या फणसाला?" झालं. दोन सख्ख्या भावांमध्ये एक झाड नव्हतं, आणि ते नसलेलं झाडच भिंत होऊन बसलं.

उल्हासला झाड गेल्याचं दुःख नव्हतं. दुःख हे, की मी खरं बोललो आणि ते सिद्ध करता येत नाही. मंडळी, खोट्या माणसाला पुराव्याची एवढी भूक नसते. ती खऱ्या माणसाला लागते. आणि एकदा लागली की मग ती भूक काहीही खाते.

त्याच सुमारास मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं त्याला तसंच केलं. उल्हासनं मेल पाठवला होता की यंदा बी बारीक आलीय, अख्खा मोठा काजू मिळणार नाही, चालेल का कळवा. माल गेल्यावर व्यापारी म्हणतो, "असा मेल आम्हाला मिळालाच नाही. माल परत न्या." पुन्हा तेच. मिळालाच नाही.

तेव्हा उल्हासला कोणीतरी प्रमाणित ईमेल शिकवला. आता हे काय असतं, ते मागच्या आजोबांसाठी सांगतो. रजिस्टर पत्र आठवतं? पोस्टमन सही घेतो, पोचकार्ड परत येतं? तेच, पण संगणकावर. तुम्ही मेल लिहायचा. तो थेट जात नाही, मध्ये एक कंपनी असते, तिच्या हातून जातो. ती कंपनी त्याची प्रत ठेवते, वेळ टिपते. कोणी पाठवला, कोणाला पाठवला, त्यात शब्द न शब्द काय होतं, तो पलीकडं कधी पडला, कधी उघडला. आणि या सगळ्याचा दाखला तुमच्या हातात देते. उद्या वाद झाला, तर कोर्टापुढं ठेवता येतो. मग "मिळालाच नाही" म्हणायची सोय राहत नाही.

पुढच्या खेपेला व्यापाऱ्यानं तोच सूर लावला. उल्हासनं दाखला पुढं केला. तुमच्या ऑफिसात पडला, तुम्ही उघडला, ही वेळ, सेकंदासकट. व्यापारी गप्प. इतका गप्प, की त्यानंतर उल्हासचा दिवाळीच्या शुभेच्छांचा मेल आला तर त्यालाही त्यानं घाईघाईनं उत्तर पाठवलं, "मजकूर मान्य."

मी उल्हासला नावं ठेवणार नाही. व्यवहार आहे, लेखी असावं. तोंडी शब्द वाऱ्यावर जातो. व्यापारात ज्याला हे वापरता येईल त्यानं जरूर वापरावं. देवळात बसून मी काय तुम्हाला बुडायला सांगू?

पण व्यापारातलं औषध उल्हासनं घरात आणलं. तिथून आख्यान सुरू होतं.

एके दिवशी प्रज्ञा स्वयंपाकघरात होती. मोबाइल वाजला. बघते तर नवऱ्याचा मेल. नवरा बाहेरच्या खोलीत. विषय: दुपारच्या भाजीबाबत. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं: हा प्रमाणित संदेश असून न्यायालयात पुरावा म्हणून सादर करता येईल.

ती पदराला हात पुसत बाहेर आली. "अहो, भाजीचं काय?"

"मेलमध्ये आहे."

"तुम्ही समोर आहात ना माझ्या. तोंडानं सांगा."

"तोंडानं सांगितलं की तू म्हणतेस, मला सांगितलंच नाही."

"बरं," प्रज्ञा म्हणाली. "मीठ कमी पडलं तर ओरोसच्या कोर्टात भेटू."

हसू नका, खरोखर असं चालू होतं. गॅस संपत आला, प्रमाणित. मेव्हण्याच्या लग्नाला आपण येत आहोत, प्रमाणित. देवस्थान समितीला मेल गेला की यंदाच्या जत्रेत माझं गाऱ्हाणं तिसऱ्या क्रमांकावर घ्यावं. समितीचे अध्यक्ष बिचारे त्या रात्री जेवले नाहीत. त्यांना वाटलं गावावर केस पडली.

आता गाऱ्हाण्यावरून आठवलं. आपण देवापुढं उभे राहतो, गुरव म्हणतो, बा देवा महाराजा, अमक्याचं असं असं कर. आणि आपण सगळे मागून काय म्हणतो? "व्हय महाराजा!" प्रत्येक वाक्याला व्हय महाराजा. ही पावतीच झाली. पण कोणाची? आपली आपल्याला. देव अजून बोललेला नाही. देव पावला की नाही ते पुढच्या वर्षी कळतं. शब्द बघा कसा आहे आपला. पावती कागदाची, पावणं देवाचं, आणि आमच्या वेंगुर्ल्याकडं माणूस घरी पोचला की म्हणतात, तो पावलो. तिन्हीला शब्द एकच. उल्हासला त्यातला पहिला तेवढा ठाऊक राहिला.

पावसाळा संपता संपता आये अंथरुणाला लागली. ताप येई, जाई. डॉक्टरांनी तपासलं, उल्हासला ओट्यावर नेलं आणि म्हणाले, "हृदय दमलंय. औषधं चालू ठेवा. आणि कोणाला बोलवायचं असेल तर बोलवा."

म्हातारीला कोणी काही सांगितलं नव्हतं. तिनं आपणच उल्हासला हाक मारली. "भार्गवाक बोलव रे. माका तेका कायतरी सांगूचा आसा."

आता मंडळी, तुम्ही असता तर काय केलं असतं? फोन उचलला असता. पण फणसानं उल्हासला एक शपथ घालून दिली होती. या भावाशी विनापुरावा एक शब्द बोलायचा नाही. उद्या तो म्हणेल, आई आजारी असल्याचं मला कळवलंच नाही, आणि गावासमोर मी खोटा पडेन. तो संगणकाशी बसला. व्यवस्थित कलमं पाडली. एक, आईला बरं नाही, डॉक्टरांनी बोलवायला सांगितलं आहे. दोन, ती सारखी तुझी आठवण काढते. तीन, काल ताप उतरल्यावर म्हणाली, भार्गव आला की आंबोळ्या करू. चार, फणसाचं नंतर बघू, आधी ये.

मजकूर वाईट होता का? नाही. चौथं कलम लिहिताना त्याचे डोळे भरून आले होते. पण तो गेला प्रमाणित होऊन.

दाखला परत आला. पोचला. थोड्या वेळानं दुसरी ओळ, उघडला.

तो आत गेला. "आये, दादाक कळवलंय. त्यानं वाचलां पण."

"पावलां मा तेका?"

"पावलां."

म्हातारी उठून बसली. सुनेला म्हणाली, "केसाक जरा तेल लाव गे. झील येतलो." मुलगा यायचा होता ना! प्रज्ञानं वेणी घातली, धुतलेलं लुगडं दिलं, आणि पलंग खिडकीकडं सरकवला, कारण तिथून रस्त्याचं वळण दिसतं. कोल्हापूरची गाडी वळणावर आली की आये मान उंच करी. गाडी थांबे, कोणीतरी उतरे, तो दुसराच कोणी असे. ती पुन्हा उशीवर टेके आणि म्हणे, "उद्या येतलो."

उद्या झाला. परवा झाला. भार्गव आला नाही. उल्हासनं दाखल्याचा कागद छापून आणला आणि आईला दाखवला. कशासाठी? मी विचारतो, कशासाठी? ती काय न्यायाधीश होती? "बघ आये, हय लिहिलेला आसा. उघडलो, वाचलो. माझ्या बाजून काय रवाक नाय."

म्हातारीनं कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं. उलटासुलटा केला, आणि हळूच म्हणाली, "पावती इली मरे. माझो झील खंय पावलो?"

आणि मग उत्तर आलं. भावाचं नाही. कोल्हापूरच्या ॲडव्होकेट शिंत्र्यांचं. तेही प्रमाणित. ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगतो, कारण अशी भाषा माझ्यानं रचवणार नाही.

"आमचे अशील श्री. भार्गव आरोलकर यांनी दिलेल्या अधिकारावरून आपणांस कळविण्यात येते की, आपल्या प्रमाणित संदेशातील संपूर्ण मजकूर खोटा, लबाडीचा व आमचे अशिलास नाकबूल आहे. कलम एक: आईस बरे नाही हे म्हणणे नाकबूल असून ते शाबीत करण्याची जबाबदारी सर्वस्वी आपणांवर आहे. कलम दोन: आईस आमचे अशिलाची आठवण येते हे कथन कपोलकल्पित व पश्चातबुद्धीचे आहे. कलम तीन: आंबोळ्यांबाबत आमचे अशील आपले सर्व हक्क राखून ठेवीत आहेत. कलम चार: फणसाविषयी आपण दिलेली कबुली नोंदवून घेण्यात येत आहे."

हसलात? हसा. मीही वाचताना हसलो होतो. पण खिडकीशी ती म्हातारी बसली आहे, हे विसरू नका.

उल्हासनं हे वाचलं, आणि त्याला काय वाटलं असेल? संताप? हो, आला. दुःख? तेही झालं. पण त्या दोहोंच्या आधी, मंडळी, एक पळभर त्याला आनंद झाला. सापडला! आता गावाला दाखवतो याला. आईचा आजार नाकबूल करणारा मुलगा, सहीशिक्क्यासकट. दोन वर्षं जे सिद्ध करायचं होतं ते झालं, की मी खरा आणि तो खोटा.

आई आत मरते आहे आणि मुलाला ओसरीवर आनंद होतो आहे. हे पुराव्यानं केलं. पुरावा वाईट नाही. पण तो हातात आला की माणूस न्यायनिवाड्याला बसतो, आणि न्यायनिवाड्याला बसलेला माणूस उठून कोणाकडं जात नाही.

तो कागद घेऊन प्रज्ञाकडं गेला. "हे बघ तुझे भावोजी. माझा मेल शब्द न शब्द वाचला, आणि हे पाठवलं."

प्रज्ञानं वाचलं. कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाली, "भावोजींनी वाचला कशावरून?"

"उघडला. दाखला आहे."

"उघडते मीपण."

"म्हणजे?"

तिनं मोबाइल काढला आणि त्याचा सकाळचाच मेल त्याच्यासमोर उघडला. पडदाभर काय दिसलं? प्रमाणित संदेश. नोंदणी क्रमांक. न्यायालयात पुरावा म्हणून सादर करता येईल. कंपनीचा शिक्का. मजकूर खाली, बोटानं पुष्कळ वर सरकवल्यावर.

"तुमचा मेल आला की मी एवढंच बघते," प्रज्ञा म्हणाली. "छातीत धस्स होतं. मग मोबाइल पालथा ठेवते, आणि पोळ्या झाल्या की येऊन विचारते, काय म्हणत होतात. खाली मी कधी गेलेच नाही. एकदाही नाही."

"पण सगळ्यांच्या पावत्या आल्यात."

"येणारच. उघडते ना."

उल्हास ओट्यावर बसला. बँकेत जन्मभर दुसऱ्यांना नोटिसा पाठवलेला त्याचा भाऊ. वरच्या दोन ओळी बघून त्याचा हात खालच्या ओळींकडं गेला असेल, की वकिलाच्या नंबराकडं?

उल्हासनं भावाला फोन लावला. पुन्हा लावला. कोणी उचलेना. मग संगणकाला हात न लावता त्यानं सदरा चढवला, आणि पहाटेच्या गाडीनं कोल्हापूर धरलं. आंबोलीच्या घाटात धुकं होतं. गाडीत त्यानं भावाला काय बोलायचं ते मनात रचलं, मोडलं, पुन्हा रचलं. त्यातही पहिल्यांदा कलमंच पडली.

दार वहिनींनी उघडलं. मागून भार्गव आला. दोन वर्षांत केस पांढरे झाले होते. तो दारातच थांबला आणि म्हणाला, "वकिलांनी सांगितलंय. तुझे फोन घ्यायचे नाहीत, भेटायचं नाही, तोंडी काही बोलायचं नाही. जे काय असेल ते लेखी दे."

उल्हास म्हणाला, "तू बोलू नको दादा. नुसता ऐक. आये बरी नाय."

"काय झालं आयेला?"

"मेलमध्ये होतं."

"ती तर नोटीस होती."

"नोटीस नव्हती ती," उल्हास म्हणाला. "आये होती."

भार्गव चपलांच्या कपाटावर बसला. मोबाइल काढला, आणि आपल्याकडं इतके दिवस पडलेला भावाचा मेल त्यानं पहिल्यांदा खालपर्यंत वाचला. पहिलं कलम वाचलं, दुसरं वाचलं. आंबोळ्यांपाशी त्याला पुढं वाचवेना. वहिनी म्हणाल्या, "शिंत्रे वकील बोलले नाहीत काही तुम्हाला?"

"ते म्हणाले, मजकुराकडं लक्ष देऊ नका. नोटिशीतला मजकूर असाच असतो."

मंडळी, वकिलांवर रागावू नका. त्यांच्याकडं जे येतं ते भांडणच असतं. आई त्यांच्याकडं नोटिशीच्या पाकिटात गेली, त्यांनी तिला नोटीस समजून उत्तर दिलं.

दोघं भाऊ त्याच दुपारी निघाले. संध्याकाळी वळणावर गाडी थांबली, आणि खिडकीतून आयेनं मान उंच केली. भार्गव उतरला. मागून उल्हास. ती दोघांकडं बघत राहिली.

वेळेवर आले, म्हणाल तुम्ही. हो. आले. भार्गवानं पलंगापाशी गुडघे टेकले, तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, त्याचे पांढरे केस बघितले. ओठ हलवले. पण दुपारीच तिची वाचा गेली होती. प्रज्ञानं कानाशी जाऊन विचारलं, "आये, काय सांगूचा होता?" म्हातारीनं पुन्हा ओठ हलवले. आवाज नाही. मग तिनं हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि डोळे मिटले. दोन दिवस होती. बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी, सगळं आटोपल्यावर, दोघं भाऊ विहिरीपाशी बसले होते. भार्गव म्हणाला, "उल्हास, तिला मला काय सांगायचं होतं रे?"

"माहीत नाही."

"तू रोज तिच्याजवळ होतास. विचारलं नाहीस?"

उल्हासनं मान खाली घातली. "मी पावती बघत होतो," तो म्हणाला.

आता मंडळी, तुमच्याकडं वळतो. तुम्ही म्हणाल, बुवा, आमच्याकडं असली प्रमाणित भानगड नाही. नाही कशी? परवा कोणी म्हणालं, "मी मेसेज टाकला, त्यानं वाचला, निळं झालंय, उत्तर नाही, आता माझं काम संपलं"? कोणी म्हणालं, "लग्नाची पत्रिका पोचवली, यायचं तर येईल"? कोणी म्हणालं, "मी एकदा सांगून बघितलं, साक्षीला अमका होता"? ही सगळी खटल्याची तयारी आहे. खटला तुम्ही जिंकाल. देवाच्या दारी मी सांगतो, जिंकाल. आणि ज्याच्यावर जिंकलात तो कायमचा कोल्हापुरात राहील.

व्यापाऱ्याला प्रमाणित मेल धाडा. सरकारला धाडा. पण ज्या माणसाशी भांडण आहे आणि ज्याच्यावाचून चालत नाही, त्याच्याकडं पुरावा धाडू नका. आपण जा. पायांनी जा. तो दार लावेल, लावू दे. दार लावायला तरी त्याला उठावं लागेल.

पेटीवाले, सूर जरा धरून ठेवा, गजर लगेच नको. या सभामंडपात कोणाच्या तरी मनात आत्ता एक नाव आलंय. ज्याच्या आलं असेल, त्यानं बाहेर ओट्यावर जाऊन फोन करून यावा. आम्ही थांबतो. देवही थांबेल, त्याला थांबायची सवय आहे. माणसं थांबत नाहीत.

जा.